बंब माझ्याच दारात अडला

मित्रांनो, माझ्या डोक्यावरची ती लाइटवाली पाटी बघून फसू नका. लग्नाचा हॉल मी आत्ता झालोय. खरा मी कोलशेतच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं जुनं फायर स्टेशन. वय विचारू नका, आधीच लाज वाटतेय.

मला बांधलं तेव्हा आजूबाजूला कंपन्या होत्या आणि खाली कोळीवाडा. तीन उंच दारं, आत तीन लाल बंब, तोंड कायम रस्त्याकडे. घंटा वाजली की जवान भरलं ताट सोडून पळायचे. दौलत नावाचा ड्रायव्हर होता, एकदम तापट. दारासमोर कुणी सायकल जरी टेकवली तरी ओरडायचा, "ए, उचल! तुझ्या घराला आग लागली तर मी काय उडत येऊ?" नारळी पुनवेला खाडीला नारळ देऊन परत येताना कोळी लोक एक नारळ माझ्या उंबऱ्यावर फोडायचे. काय फुगायचो मी तेव्हा!

मग हायवेकडे नवीन मोठं स्टेशन झालं. बंब तिकडे गेले. मी कितीतरी वर्षं बंद. कबुतरं हगली, पोरं आत पत्ते कुटत बसली. वाईट वाटायचं, पण लाज नाय वाटायची. ती नंतर आली.

गुरुदत्तशेठने मला भाड्याने घेतलं. एसी लावला, तिन्ही दारांना काचा बसवल्या. मी खूश झालेलो, खोटं कशाला बोलू? परत माणसं, परत रंग. पण पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावणार? माझ्या दारासमोर, आणि कोळीवाड्यात उतरणाऱ्या त्या एकुलत्या एक रस्त्यावर. खालची शेवंती मासे विकायला निघाली की टोपली सांभाळत गाड्यांमधून आडवी होऊन जायची. तिने शेठला सांगितलेलं, "शेठ, उद्या काय झाला तं बंब कुठून येल?"

शेठ हसला. "मावशी, लग्नाच्या दारात असं अभद्र बोलू नये."

मे महिन्यातल्या एका दुपारी शेवंतीच्या घरात शॉर्टसर्किट झालं. ती बाजारात. घरात तिची सासू दगडाबाई, पाय गेलेले, खाटेवर पडून. धूर मी बघितला, पण मला कुठे तोंड आहे? कुणीतरी फोन केला. बंब सायरन देत आला आणि माझ्याच दारात अडकला. पुढे एक पांढरी गाडी, मस्त आडवी लावलेली.

आत लग्नाचा डीजे. सायरन कुणाला ऐकू येणार? हॉलच्या माणसाने माइकवर नुसतं पुकारलं, "पांढरी गाडी, चौदा सत्तर, कृपया बाजूला घ्या." कोण उठतंय? हॉलमध्ये दर लग्नात हे चालूच असतं.

नवऱ्याच्या मामाची बायको संचिता बोलली, "अहो, आपलीच ना?"

धनेशमामांनी जिलेबी तोंडात टाकली. "जेवू दे गं. कुणाला तरी निघायचं असेल. थांबेल दोन मिनिटं."

तेवढ्यात शेवंती आत घुसली. बाजारातून पळत आलेली, केस सुटलेले. तिने डीजेवाल्याची वायरच उपटली. "गारी कोनाची? माजी सासू हाय आत!"

धनेशमामा ताट टाकून धावले. पण चावी ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हर चहाला गेलेला. तोवर खालून कोळी वर आले. होडी ओढायला भिडतात तसे गाडीला दोन्ही बाजूंनी भिडले. "होय्या! होय्या!" धनेशमामांनी पण कोट काढून खांदा लावला. गाडी उचलून गटाराच्या कडेला ठेवली आणि बंब खाली गेला.

दगडाबाई वाचली. जवानांनी तिला चादरीत गुंडाळून बाहेर काढलं. पण छातीत धूर गेला तो गेलाच, दोन शब्द बोलली की खोकत बसते. घर राहिलं नाय. जाळी, कपडे, सगळा कोळसा.

मित्रांनो, माझा जन्मच आग विझवायला झाला. आणि बंब अडला तो माझ्यापाशी. 'गाड्या लोकांच्या होत्या, मी काय करणार,' असं स्वतःला सांगून बघतो. जमत नाय. दार माझं होतं.

पुढच्या लग्नाला शेवंतीने प्लास्टिकची खुर्ची आणली आणि रस्त्याच्या मधोमध मांडून बसली.

शेठ धावत आला. "मावशी, पाहुणे आलेत, उठा ना."

"पावने येवदे ना चालत. नवरदेव हायेत काय सगले?"

मागे हॉर्नवर हॉर्न. एका काकांनी शिव्या घातल्या. ती जागची हलली नाय. शेवटी काकांनी गाडी मागे घेतली आणि लांब मैदानात नेऊन लावली. त्यांच्या मागून दुसरी गेली.

आता प्रत्येक लग्नाला ती बसते. भर उन्हात, धंदा सोडून. पत्रे ठोकून परत उभ्या केलेल्या घरात खोकणारी सासू शेजाऱ्यांच्या भरवशावर. मला तिच्याकडे बघवत नाय.

लग्नाला या मित्रांनो, पोटभर जेवा. फक्त गाडी मैदानात लावा. आणि आत शिरायच्या आधी तिला सांगा, "मावशी, तू जा घरी, रस्ता आम्ही बघतो."

आणि मग खरंच बघा रे.