टोकांवरचं उत्तर

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून सुनंदाबाईंनी बोलणंच टाकलं होतं. सारा जन्म मुलुंडच्या एका कॉलेजात गणित शिकवण्यात गेला, आणि आता मनात 'पाणी' असायचं नि तोंडातून 'छत्री' यायचं. भेटायला येणारे कीव येऊन हसायचे. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

वरच्या मजल्यावरची तेजल बारावीला होती. एका संध्याकाळी ती वही घेऊन थेट त्यांच्या खुर्चीपाशी आली.

"मॅडम, बघा ना! वाट लागलीय माझी. उत्तर जुळतच नाही."

"तेजल, आईंना त्रास नको गं देऊस," सून ऋता स्वयंपाकघरातून म्हणाली. पण सुनंदाबाईंनी डाव्या हाताने वही ओढलीसुद्धा.

एक्स घन वजा तीन एक्स. उणे दोनपासून तीनपर्यंत या फंक्शनची सगळ्यांत मोठी किंमत काढायची. पोरीने डेरिव्हेटिव्ह शून्य धरून एक आणि उणे एक हे बिंदू बरोबर काढले होते. उणे एकला किंमत दोन, म्हणून उत्तर दोन. पुस्तकात मात्र अठरा.

उणे दोन आणि तीन ही टोकं तपासलीच नव्हती! सुनंदाबाईंनी तोंड उघडलं.

"खिडकी."

"लावून घेऊ?" तेजल उठली.

सुनंदाबाईंना रडूच फुटायचं बाकी होतं. मान हलवून त्यांनी पेन्सिल घेतली. डाव्या हाताने वेडीवाकडी रेघ काढली: एक टेकडी, मग खोलगट, आणि पुढे चढतच जाणारी चढण. शेवटच्या बिंदूवर त्या पेन्सिल आपटत राहिल्या.

तेजल वाकून बघत होती. "टेकडी तिच्या आसपास उंच आहे फक्त... इथे तर रेघ तिच्याही वर गेलीय. म्हणजे तीन घालायचे? सत्तावीस वजा नऊ... अठरा! मॅडम, टोकं पण बघायची!"

"टोकं," सुनंदाबाई म्हणाल्या.

ऋता कणकेच्या हातांनीच धावत आली. "आई, काय म्हणालात?"

"टोकं. टोकं!" त्यांचे डोळे भरून आले. ऋता कोपराने स्वतःचे डोळे पुसू लागली.

तेजल खुशीत वही मिटणार, एवढ्यात सुनंदाबाईंनी पानावर हात दाबून धरला. उणे दोनचं टोक राहिलं होतं.

"अरे हो! उणे आठ अधिक सहा, उणे दोन. मग अठराच मोठे."

सुनंदाबाईंनी मान डोलावली आणि पुढच्या गणितावर बोट ठेवलं.