पूर्ण वळवा

नट अजून कोमट होता, ब्रेकची ऊब की मिस्त्रीच्या मुठीची, कोण जाणे... आणि तो तळहातावर फिरवता फिरवता त्याला वाटलं, नऊ वर्षं ही गाडी चालवतोय, पण तिची चाकं धरून ठेवणारी वस्तू आज पहिल्यांदाच हातात घेतली. जुनं लोखंडी चाक भिंतीला टेकून उभं होतं. त्याच्या जागी कुठलं बसवायचं, एवढाच प्रश्न, आणि मिस्त्री अ‍ॅल्युमिनियमची दोन चाकं, एक रुंद, एक अरुंद, दोन हातांनी उभी धरून विचारत होता, "हे बरं दिसतंय, की हे?"

त्याला हसू आलं. चष्म्याच्या दुकानात हाच प्रश्न तो स्वतः दिवसातून चाळीसदा विचारतो. हे स्पष्ट, की हे? भिंग बदलायचं, पुन्हा विचारायचं. आणि समोरचा बिचारा गोंधळून म्हणतो, दोन्ही सारखीच. दुकान सासऱ्यांचं. गाडीही त्यांचीच, म्हणजे परवापर्यंत होती.

सोमवारी मित्राचा फोन आला होता. दुसऱ्या शहरात तो दुर्बिणी दुरुस्त करायचा कारखाना काढतोय. "भागीदार म्हणून ये. शुक्रवारी सहापर्यंत हो की नाही ते सांग, मग मी दुसरा बघतो." त्यानं ते फक्त बायकोला सांगितलं, तिच्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक असून सांगितलं... म्हणजे आतून त्याला ते सासऱ्यांपर्यंत पोचायलाच हवं होतं की काय? परवा जेवताना सासऱ्यांनी गाडीची किल्ली त्याच्या ताटाशी ठेवली. "जावईबापू, गाडी तुमच्या नावावर केली. नवी चाकंबिकं बसवून घ्या, तुमच्या पसंतीची. मी मध्ये बोलणार नाही." कारखान्याबद्दल अवाक्षर नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाला सोडून जाता येतं. बायकोचे डोळे भरून आले, सासूबाईंनी न विचारता आणखी वाढलं, आणि तो खाली मान घालून जेवला. आज शुक्रवार. सव्वाचार.

"रुंद घ्या, साहेब. गाडी कशी ऐटीत बसेल."

त्यानं रुंद निवडलं. निवडलं कसलं, मिस्त्रीचा तो हात जवळ होता. मिस्त्रीनं चाक चढवलं, समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले, जॅक उतरवला.

"आता आत बसा. स्टिअरिंग पूर्ण वळवा."

त्यानं वळवलं.

"पूर्ण, साहेब."

"पूर्णच वळवलंय."

"अजून वाव आहे की! तुम्ही थांबलात, गाडी नाही थांबली."

खरंच होतं. शेजारच्या सीटवरून सासरे म्हणायचे, "बास, बास, एवढ्यावर ठेवा, ताण येतो"... आणि नऊ वर्षं तो तिथेच थांबत आला होता, जणू तिथे भिंतच आहे. अरुंद गल्लीत तीनतीनदा मागेपुढे केलं, मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि नावं ठेवली ती गाडीला. जागा होती. कितीशी? चार बोटं. मला कुणी सांगितलं का नाही... सांगायला कशाला हवं होतं, हात तर माझेच होते.

त्यानं आणखी वळवलं. शेवटच्या टोकाला आतून खर्रर्र आवाज आला.

मिस्त्री वाकून बघत म्हणाला, "टायर घासतोय. अरुंद घेतलं तर नाही घासणार. पण दिसायला हेच झकास. आणि तुम्हाला तरी कुठे एवढं वळवायचं असतं?"

"असतं," तो म्हणाला. एवढ्या मोठ्यानं, की मिस्त्री हात पुसता पुसता थांबला.

शेवटी अरुंद चाकं बसली. साधी, चंदेरी, लांबून कुणाला ती बदललेली कळणारही नाहीत. घरी आल्यावर सासरे गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "हीच? मग जुनी काय वाईट होती!" ते खो खो हसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. प्रेमानं मारली, अगदी खऱ्या प्रेमानं, आणि पंचाईत तीच होती. "चला, एक फेरी मारू."

ते शेजारी बसले. खिशात फोन होता. फेरीच्या आधी करता आला असता, नंतर करता येईल, नंतर म्हणजे किती... गल्लीच्या टोकाला गाडी वळवायची होती. त्यानं स्टिअरिंग फिरवायला घेतलं, फिरवत नेलं.

"बास, बास," सासरे म्हणाले.

हात थांबले. आपणहून, नेमके तिथेच. गाडी गल्लीत आडवी झाली, मागून कुणीतरी हॉर्न दाबून धरला. सहाला सात मिनिटं कमी होती. सासरे मागे वळून त्या हॉर्नवाल्याला दमानं घे म्हणून खुणावत होते, आणि तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरून बसला होता. पुढे चार बोटं जागा आहे, हे आता त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं तेव्हा बरं होतं.