तोंडात काही घालायचं नाही

वाटाण्यातल्या एका प्रथिनावर बाईंनी विद्यापीठात अकरा वर्षं काढली. ते स्वतःची घडी कशी घालतं, कुठे मोडतं, सगळं तोंडपाठ. मग निधी आटला आणि बाई वाटाण्यापासून दूध बनवणाऱ्या कारखान्यात रुजू झाल्या. तिथे सगळे त्यांना 'प्राध्यापकबाई' म्हणत. तोंडावर आदराने, पाठीमागे देव जाणे.

आईला हे अजिबात पटलं नव्हतं. अकरा वर्षं ती शेजारणींना सांगत आली होती, "मुलगी मोठ्या कशात तरी आहे." आता दूध म्हटल्यावर काय सांगणार बिचारी!

आज सहा महिन्यांच्या उमेदवारीचा शेवटचा दिवस. बाईंनी बनवलेलं दूध आज पहिल्यांदाच पेल्यांत ओतलं होतं. पसंत पडलं तर नोकरी पक्की, नाहीतर नारळ. विद्यापीठातली खुर्ची तर कधीच दुसऱ्याने बळकावली होती.

कारखान्याच्या साहेबांनी एक घोट घेतला. त्यांचा चेहरा असा काही झाला, की जाहिरातवालीने आपला पेला हळूच लांब सरकवला.

"तुम्हाला कशी वाटते हो चव?" साहेबांनी विचारलं.

"आकडे उत्तम आहेत. पान नऊ बघा."

"आकडे नाही हो बाई, चव!"

"मी चाखलेलं नाही."

"सहा महिन्यांत? एकदाही?"

"प्रयोगशाळेत तोंडात काही घालायचं नसतं," बाई ठामपणे म्हणाल्या. एकदा बिस्किटाचा तुकडा मोडला म्हणून त्यांच्या सरांनी त्यांना महिनाभर बाटल्या धुवायला लावलं होतं. तेव्हापासून नियम हाडीमाशी खिळला होता.

जाहिरातवाली हसून हसून टेबलावर आडवी झाली. साहेबांनी कपाळाला हात लावला. बाईंचे कान लाल झाले. मेलं, होऊन जाऊ दे एकदाचं! त्यांनी पेला उचलला आणि डोळे मिटून घोट घेतला.

"अगं आई गं! हे माणसांना पाजायला निघाले होते मी?"

पण थुंकायचं सोडून त्यांनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. कडवटपणा लगेच येत नव्हता, मागाहून घशाशी येत होता. अरे, हा तर ओळखीचा! प्रथिनाचे तुकडे फार बारीक झाले की असंच होतं, हे त्यांनी शंभरदा लिहिलं होतं. जिभेवर मात्र आजच आलं.

"तुकडे करणारं एन्झाइम आपण चाळीस मिनिटं ठेवतो," त्या म्हणाल्या. "बारा मिनिटांत थांबवते. दुपारी परत चाखू. आधी मी."

दुपारी साहेबांनी पेला रिकामा केला आणि परत भरायला पुढे केला. नोकरीच्या कागदावर सही दुसऱ्या पेल्यानंतर झाली.

संध्याकाळी बाईंनी बाटली आईपुढे ठेवली. आईने आधी वास घेतला, मग घोट घेतला, ओठ पुसले.

"हे तू केलंस?"

"हो."

आईने बाटलीला झाकण लावलं आणि पायात चपला सरकवल्या.

"अगं, कुठे निघालीस?"

"शेजारी. अकरा वर्षं नुसतं सांगतेय त्यांना. आज चाखवून येते."