गोठ्यातल्या खिळ्यावरचा मासा

मित्रांनो, मी एक जुना मासा आहे, पण पाण्यात कमी आणि खिळ्यावर जास्त राहिलेला. म्हणजे मोठे मासे पकडायचं आमिष; माझं अंग देवदाराच्या लाकडाचं आहे. पोटाखाली गळ आहेत आणि शेपटीला पितळेचं पातं. ते पाण्यात फिरलं की गुडगुड आवाज होतो म्हणे. 'म्हणे' अशासाठी की, आयुष्याची कितीतरी वर्षं तो आवाज मी स्वतःच ऐकला नव्हता.

मला आर्विड ट्वाइट यांनी घडवलं. अमेरिकेत, मिनेसोटातल्या त्यांच्या गोठ्यात गाईंचं दूध काढून झालं की ते चाकू घेऊन बसत. कुंपणाच्या मोडक्या खांबातून त्यांनी मला कोरलं, हिरवा रंग दिला, अंगावर काळे पट्टे ओढले. मला जायचं होतं पार उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीवरच्या लेक ऑफ द वूड्सवर. त्या अफाट तळ्यात मस्की राहतो. बदकाचं पिल्लू सहज गिळेल असा दांडगा मासा, आणि नखरे तर विचारू नका. आमिषाच्या मागे मागे बोटीपर्यंत येतो, बघून घेतो आणि चालू लागतो.

पण गाईंना सुट्टी ठाऊक नसते. दोन वेळचं दूध काढावंच लागतं. "पुढच्या उन्हाळ्यात नक्की," असं आर्विड दर वर्षी म्हणत आणि मला परत खिळ्यावर टांगत. माझं पितळ काळं पडलं. कोळ्यांनी माझ्या तोंडात संसार थाटले. एका नाताळात तर मार्लिसबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला चक्क नाताळच्या झाडाला लटकवलं. तेवढंच काय ते माझं कौतुक.

शेवटी गुडघ्यांनी दगा दिला आणि आर्विडनी गाई विकल्या. त्या हिवाळ्यात शेजारचे ड्वेन तळ्याचा नकाशा घेऊन आले. ते तिथे बऱ्याचदा जाऊन आलेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला, कॉफीचं भांडं मध्ये आलं आणि बेत शिजू लागला. राहायचं कुठे, बोट कुणाची, जाळं केवढं, अडकलेला गळ काढायला चिमटा किती लांब. ड्वेननी मला उचलून पाहिलं आणि हे लाकूड घरीच राहू दे, दुकानात चांगले मिळतात, असं सुनावलं. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! मार्लिसबाईंनी मात्र मला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि सरळ सामानाच्या पेटीत ठेवलं.

आर्विड मात्र दर बैठकीला मागे सरत चालले होते. आमच्याकडच्या माणसांना नाही म्हणायचं असलं, की ती दुसऱ्याची सोय पुढे करतात. बोट लहान आहे, तुम्ही दोघं जा, मी घर सांभाळतो, असं त्यांनी सुरू केलं. घरात सांभाळायला एक मांजर तेवढं उरलं होतं.

खरं कारण मला ठाऊक होतं. पेटीत मला चाचपताना त्यांच्या बोटाला माझाच गळ टोचला होता. मी त्यांच्या समोर होतो आणि त्यांना दिसत नव्हतो.

एका सकाळी मार्लिसबाईंनी सरळ विचारलंच. तेव्हा आर्विड म्हणाले, "मस्की मागून येतो तो दिसावा लागतो, मार्लिस. मला तर समोर नुसतं धुकं दिसतं, कडेचं काय ते थोडंफार. नकाशावरची बेटंसुद्धा दिसत नाहीत. तिकडे येऊन बोटीत ओझं कशाला होऊ?"

ड्वेन समोरच कॉफी ढवळत बसले होते. "दिसावा लागतो असं कुणी सांगितलं तुला?" ते म्हणाले. "आमिष बोटीपाशी आलं की गळाच्या काठीचं टोक पाण्यात घालून दोन वेटोळ्यांचा आठाचा आकडा काढायचा. मासा दिसला तरी काढायचा, नाही दिसला तरी काढायचा. आम्ही डोळेवाले तिथेच मार खातो. दिवसभर काही दिसलं नाही की कंटाळतो आणि आमिष वर उचलतो. तो नेमका तेव्हाच खाली उभा असतो."

मार्लिसबाई हसायला लागल्या. "म्हणजे न कंटाळता रोज तेच काम करणारा माणूस हवाय तुला. मग यानं गोठ्यात जन्मभर दुसरं काय केलंय?"

आर्विडनी कोट चढवला, गळाची काठी घेतली आणि मला घेऊन गोठ्यात गेले. गाईंचं पाण्याचं टाकं कोरडं पडलं होतं, ते त्यांनी भरलं. मग मिटल्या डोळ्यांनी त्यांनी पहिला आठ काढला, आणि मित्रांनो, माझ्या शेपटीचा गुडगुड आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर बर्फ वितळेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ, दूध काढायच्या वेळेला, आम्ही दोघं टाक्यापाशी असायचो.

उन्हाळ्यात आम्ही तळ्यावर पोहोचलो. पहिले दिवस काहीच नाही. ड्वेनसुद्धा वैतागून आमिष लवकर उचलू लागले. आर्विडनी एकही आठ चुकवला नाही. असाच एक आठ काढताना, वळणावर, खालून काळोख वर आला आणि मी त्याच्या दातांत होतो. बोट हलली. ड्वेननी जाळं घातलं आणि पाण्यातच धरून ठेवलं, कारण मस्कीला वर काढून ताटकळत ठेवला तर तो जगत नाही.

मार्लिसबाईंनी आर्विडचा हात धरून माशाच्या पाठीवर ठेवला. डोक्यापासून शेपटीपर्यंत तो हात जाता जाईना. आर्विड वाकले, अगदी नाक पाण्याला लागेपर्यंत, आणि मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

"आलो बाबा एकदाचा," ते त्याला म्हणाले.

मग मला त्याच्या जबड्यातून सोडवलं. शेपटीपाशी हलका आधार देऊन आर्विड थांबून राहिले. मासा आपणहून निघाला तेव्हाच त्यांनी हात सोडला.

आता मी परत त्याच खिळ्यावर आहे, पण तक्रार नाही. माझ्या अंगावर दातांचे खोल ओरखडे आहेत. दुकानातल्या कुठल्या माशाकडे असले दागिने आहेत? गोठ्यात आले की आर्विड त्यांवरून अंगठा फिरवतात आणि पितळ पुसून ठेवतात. ज्यांनी मला घडवलं, ज्यांनी पेटीत ठेवलं आणि जो मला चावला, त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी दर वर्षी "पुढच्या उन्हाळ्यात" म्हणत असेल. त्यांच्या खिळ्यावर काय टांगलं आहे ते एकदा खाली काढा, धूळ पुसा आणि त्यांच्या हातात द्या.