गुडघ्याखालची पट्टी

सरलाच्या पायात मोजे आले आणि मीराबाईच्या पोटात आग पडली.

दोघी सख्ख्या जावा. सुरतेत, उधन्याच्या एका खात्यात, म्हणजे साड्यांच्या कारखान्यात, साड्यांच्या घड्या घालायच्या, दिवसभर उभ्यानं. खुर्ची नाही. बाई बसली की हात मंदावतात, असं शेठचं शास्त्र. तो स्वतः मात्र गादीवरून उठत नाही. दिवाळीनंतर काम कमी, म्हणून टेबलावर दोघींतली एकच राहणार होती. जी कामात बसेल ती घरी.

दोघींच्याही पोटऱ्यांवर निळ्या नसा गांडुळांसारख्या फुगलेल्या. पण सरलाची चैताली दवाखान्यात नर्स. तिनं आईला ते घट्ट मोजे आणले, स्वतःच्या हातानं चढवले आणि समजावलं, "घोट्याशी घट्ट, वर सैल सैल. नसा अशा आवळल्या की रक्त खाली साचत नाही, वर हृदयाकडे जातं."

मीराबाई दारात उभी होती. तिनं ऐकलं 'आवळल्या' एवढंच. डोळे सगळे लेकीच्या मांडीवरच्या त्या आईच्या पायावर. तिच्या स्वतःच्या लेकानं, लोकेशनं, आईच्या पायांकडे कधी वाकून पाहिलं नव्हतं.

"मोठी माय, तुम्हालाही आणू?" चैतालीनं थोरल्या काकूला विचारलं.

"मना पाय धडधाकट शेतस," मीराबाई अहिराणीत फणकारली.

दुसऱ्या दिवशी तिनं साडीच्या काठाच्या दोन पट्ट्या घेतल्या नि गुडघ्यांखाली करकचून बांधल्या. घे, मोजे! दुपारपर्यंत पाय शिशाचे झाले, पोटऱ्या तटतटल्या. समोर सरला भराभरा घड्या घालतेय. सटवी! मीराबाईनं दात खाल्ले, टेबल धरलं. छातीत पाखरू फडफडलं, दरदरून घाम सुटला आणि डोळ्यांपुढचा उजेड गेला.

शुद्ध आली तेव्हा ती फरशीवर होती. पट्ट्या कापलेल्या, पाय सरलाच्या मांडीवर.

"येड लागलं का बाई तुम्हाला? गुडघ्याशी दारच लावून घेतलं! रक्त खालीच कोंडलं. हृदयाकडे आलंच नाही, तर ते डोक्याला काय पाठवणार, कपाळ?" बडबडत सरला घोट्यापासून वर वर पोटऱ्या दाबत होती.

रक्त चढत होतं. कानातली शिट्टी थांबली, छातीतले ठोके ठिकाणावर आले. तेही हिच्या हातानं. त्याचाच जाळ जास्त.

तेवढ्यात शेठ दारात आला. मीराबाई अजून पांढरीफटक. तरी कोपरावर उठली, बोट रोखलं.

"शेठ, देखो! ये भी बैठी है!"

सरलानं तिच्या पोटरीवर सणकन चापट मारली. "जित्ती व्हई गई," ती म्हणाली. पण पाय काही तिनं मांडीवरून खाली ठेवले नाहीत.