नामंजुरीची सात कारणं

पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि दुपारची शांतता मोडली. तिने धावत जाऊन गॅस बारीक केला, ओले हात फडक्याला पुसले आणि पुन्हा लॅपटॉपसमोर येऊन बसली.

लग्न जुळवणाऱ्या एका अ‍ॅपसाठी ती घरून काम करायची. लोक मोबाइलवरून फोटो चढवत. ते सर्व्हरवर येऊन थांबत आणि तिने 'मंजूर' म्हटल्याशिवाय कुणाला दिसत नसत. नामंजूर करायचं तर यादीतल्या सात कारणांपैकी एक निवडायचं: चेहरा अस्पष्ट, काळा चष्मा, एकाहून जास्त माणसं, असंच काहीबाही. काल एक नवरदेव दुसऱ्याच्याच गाडीला टेकून उभा होता, आणि मागून गाडीचा मालक डोळे वटारून बघत होता. ती एकटीच खुदकन हसली होती.

नवऱ्याला या कामाचं भारी हसू यायचं. "दिवसभर फोटो बघायचे, याला काम म्हणतात होय?" कुणाचे फोटो, कुठल्या अ‍ॅपचे, हे मात्र दोन वर्षांत त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

पुढचा फोटो वरून खाली हळूहळू उमटू लागला. आधी केस. मग भुवईवरचा व्रण, रांगताना टेबलाचा कोपरा लागून पडलेला.

तिची चिमणी होती ती. तेरा वर्षांची लेक, आईच्या निळ्या झग्यात. खांदे ओघळू नयेत म्हणून पिना टोचलेल्या, ओठांवर आईचीच लिपस्टिक. वय: एकोणीस. माहिती भरणारे: वडील.

तिचं स्वतःचं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं. लेक जन्मली त्या दिवशी नवऱ्याने तिचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "तुझं झालं तसं हिचं होऊ देणार नाही." त्या एका वाक्यावर तिने तेरा वर्षं संसार केला होता.

तिने यादी तीनदा वाचली. 'मुलगी लहान आहे' असं कारणच नव्हतं. तिने वरिष्ठ बाईंना फोन लावला.

"एकोणीस लिहिलंय ना? मग झालं. वय तपासणं आपलं काम नाही गं."

"बाई, पोटची पोर आहे माझी."

पलीकडचा आवाज खाली आला. "मग 'चेहरा अस्पष्ट' टाक आणि मोकळी हो."

चेहरा अस्पष्ट! अंधारातही हाताने चाचपून ओळखला असता तिने तो चेहरा. तिने बटण दाबलं. अशा पिना तिने आधीही, दुसऱ्या मुलींच्या खांद्यांवर, पाहिल्या होत्या. चेहरे स्पष्ट होते, म्हणून मंजूर केले होते.

आतल्या खोलीत जेवून आडव्या झालेल्या नवऱ्याचा फोन वाजला. "अस्पष्ट म्हणे! भर उन्हात काढला होता," असं पुटपुटत तो बाहेर आला आणि लॅपटॉपवरचा लेकीचा चेहरा बघून थबकला.

"तू... यांच्याकडे काम करतेस?"

"दोन वर्षं झाली, अहो."

"अगं, नुसतं बघून ठेवत होतो. चांगली स्थळं थांबतात का कुणासाठी? लगेच कुठं लग्न लावतोय?"

"माझे वडील हेच म्हणाले होते. तुमच्यासमोर."

तो ओशाळला, मग चिडला. "बरं बाई! हा घे, पुसला."

"फोनमधून पुसलात. सर्व्हरवर तो आहे, तुमच्या नंबरासकट, तुम्ही लिहिलेल्या एकोणीससकट. पुन्हा कुठे चढवलात, तर तोच पुरावा घेऊन मी पोलिसांकडे जाईन."

चिमणी कधीची दारात उभी होती, दप्तर पाठीवरच. "बाबा, तुम्ही तर शाळेच्या ओळखपत्रासाठी म्हणाला होतात!"

तो चपला अडकवून निघून गेला.

आईने तिचं दप्तर उतरवलं, तिला जवळ बसवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मग तिच्यासमोरच वरिष्ठांना पत्र लिहायला घेतलं: यादीत आठवं कारण घाला, नाहीतर उद्यापासून मी कामावर नाही.

चिमणीने ते ओठ हलवत वाचलं.

"आई, माझ्याएवढ्या मुलींचे फोटो आधीही आले असतील ना? त्यांचं तू काय केलंस?"