मधल्या खुर्चीतलं पोरगं

व्हिडा झुपान्चिचच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं. निवडणुकीच्या वर्षी खाणकामगारांच्या हॉलमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची डिबेट लागली, की निम्मं गाव टीव्ही बघायला यायचं आणि उरलेलं निम्मं व्हिडाला ऐकायला. टीव्ही काय, घरोघरी होता. पण उमेदवाराने तोंड उघडायच्या आत "आता हा आपल्या गरीब आजोबांना बाहेर काढणार बघा" असं सांगणारी, आणि आजोबा खरोखरच बाहेर आले की "आले बाई, बसा आजोबा" म्हणणारी व्हिडा एकच होती. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची तिची. तिथे चुकून कुणी बसलंच तर डोना मे येऊन त्याला उठवायची. डोना मे म्हणजे हॉलची कारभारीण. किल्ल्या तिच्याकडे, कॉफीचं भलंमोठं भांडं तिच्याकडे, आणि डिबेटच्या बिंगोचे कागदही तीच काढायची. कागदावर चौकोन, चौकोनांत पुढाऱ्यांची घासून गुळगुळीत झालेली वाक्यं: 'कष्टकरी कुटुंबं', 'माझे वडील सांगायचे', 'मी गावोगाव फिरलोय'. वाक्य कानावर आलं की चौकोनावर राजम्याचा दाणा ठेवायचा. ओळ भरली की ओरडायचं.

या खेपेची गोष्ट मात्र वेगळी होती. या खेपेला दोन उमेदवारांच्या मधल्या खुर्चीत, प्रश्न विचारायला, व्हिडाचा मुलगा बसणार होता.

मार्टी याच गावात वाढलेला. बाप खाणीत, आजा खाणीत, आणि हा टीव्हीत गेला. तिथे गेल्यावर त्याने आडनावाचं शेपूट कापून नुसतं 'झुपान' केलं, ते व्हिडाने अजून माफ केलं नव्हतं. "उरलेल्या अर्ध्यानं तुझं काय घोडं मारलं होतं?" असं तिने विचारलं होतं. गावानेही ते मनात ठेवलं. शिष्ट झाला म्हणाले. मार्टीचं येणं हळूहळू कमी झालं, आणि आला तरी आईच्या स्वयंपाकघरात बसून परत जायचा, हॉलकडे फिरकायचा नाही. पण या वर्षी त्याने आपणहून म्हटलं होतं, हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की हॉलमध्ये जे गावजेवण होतं त्याला मी येतो. तेव्हापासून व्हिडाच्या डोक्यात एकच घोकणं चाललं होतं. आज या डिबेटमध्ये पोराने छाप पाडावी, आणि हॉलमधल्या लोकांनी म्हणावं, हा आपला मार्टी.

म्हणून तिने जो भेटेल त्याला आमंत्रण दिलं. दुकानात दिलं, चर्चच्या दारात दिलं, दवाखान्यात रक्त काढून घेताना त्या नर्सलाही दिलं. "माझा मार्टी बसणार मधे. या सगळे. पोतित्सा करतेय." व्हिडाच्या अक्रोडाच्या पोतित्साला त्या भागात कुणी नाव ठेवू शकत नव्हतं. कणीक टेबलभर ताणायची, खालच्या चादरीवरची फुलं दिसेपर्यंत ताणायची, मग अक्रोड आणि मध पसरून गुंडाळी करून भाजायची. गव्हर्नर हॅलोरन दोन वर्षांपूर्वी या हॉलमध्ये आला होता तेव्हा त्याने बोटं चाटत ती खाल्ली होती, आणि त्या दिवसापासून व्हिडा त्याची झाली. तशी ती जन्मापासून त्याच पक्षाची. सगळा हॉलच त्या पक्षाचा. आणि आता हॅलोरनच राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता.

"मार्टी आपल्या माणसाला सांभाळून घेईल ना गं?" कॉफी ओतता ओतता डोना मेने विचारलं.

"घेईल की. परका आहे का तो?" व्हिडा म्हणाली, पण तिच्या मनात पाल चुकचुकली. दुपारीच फोनवर मार्टी म्हणाला होता, "आई, मी कुणालाच सांभाळून घेणार नाहीये. मला त्यासाठीच बसवलंय तिथं." तिला ते पटलंही होतं आणि नव्हतंही.

आठ वाजले, डिबेट सुरू झाली, आणि व्हिडाच्या तोंडाचा पट्टाही. मार्टी पडद्यावर दिसताच हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या. "टाय कुणी निवडला याचा? पडद्याचं कापड उरलं होतं वाटतं," व्हिडा म्हणाली, आणि डोळे पुसले. हॅलोरनने कोटाच्या बाह्या मागे सारल्या. "बाह्या कशाला सरसावतोस? तिथं काय लाकडं फोडायचीत?" दुसऱ्या बाजूच्या सिनेटर व्हिटकमबाई आकड्यांवर आकडे सांगत सुटल्या. "बाई पाढे म्हणतायत. पण म्हणते कशी बघा, कुठे अडखळत नाही. चुकीच्या पक्षात जन्मली बिचारी." हॉल खो खो हसला. फक्त व्हिडाच्या शेजारचा टोइव्हो लाहती हसला नाही, पण तो कशालाच हसायचा नाही. खाण होती तोवर खाणीत होता, आता शाळेची बस चालवायचा. प्रत्येक डिबेटला तो टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्या शेजारी बसे, आणि जाताना "बरं झालं" एवढं बोलून जाई.

खरा वैताग तिला वेगळाच होता. दोघंही मार्टीला बोलू देत नव्हती. "वेळ संपली, गव्हर्नर," तो अदबीने म्हणायचा आणि हॅलोरनची गाडी तशीच पुढे धावायची.

"अरे जोरात बोल की. दूध मागतोयस का शेजारणीकडं?" व्हिडा टीव्हीला म्हणाली. "आणि तुम्ही दोघं जरा दम खा. त्याला मधे काय शोभेला ठेवलंय?"

मागून कुणीतरी 'कष्टकरी कुटुंबं' म्हणून दाणा ठेवला, डोना मेने पोतित्सा कापायला सुरी पुसली. सगळं कसं छान चाललं होतं. आणि मग मार्टीने हातातला कागद खाली ठेवला.

"गव्हर्नर हॅलोरन," तो म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी तुम्ही एका खाणकामगारांच्या हॉलमध्ये सांगितलंत, की बंद पडलेली खाण वसंतात पुन्हा सुरू होईल. ती सुरू झाली नाही. कंपनी म्हणते, ती कायमची बंद होणार हे तुम्हाला त्याआधीच कळवलं होतं. तुम्ही ते बोललात तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"

ती खाण त्यांचीच होती आणि तो हॉल म्हणजे हाच. सगळे एकदम बोलायला लागले.

"निवडणूक तोंडावर आलीय आणि हा आपल्याच माणसाच्या पायात पाय घालतोय?" डोना मेचा आवाज चढला.

"घरचा अहेर," कुणीतरी म्हणालं.

"शहरात गेला तो शहराचाच झाला. आणि आपण शिट्ट्या मारत बसलो."

व्हिडाचे कान तापले. तिने वळून बघितलं नाही, पण पाठीला सगळ्यांचे डोळे टोचत होते. आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला काही सुचेना. लाज वाटली, मार्टीचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचीही लाज वाटली. गेली ती पोराची आणि हॉलची सोयरीक, तिला वाटलं.

पडद्यावर हॅलोरन मात्र हसला. मोठं, मोकळं, घरातल्या माणसासारखं हसला. "मार्टिन, तू त्याच भागातला ना? अरे, तुझ्या आईच्या हातची पोतित्सा खाल्लीय मी. असली पोतित्सा जगात मिळत नाही. त्या माउलीलाच विचार, हॅलोरन कसा माणूस आहे."

तिकडचे प्रेक्षक हसले, टाळ्या पडल्या. इकडे हॉलही टाळ्या वाजवायला लागला. डोना मेने व्हिडाचा खांदा गदागदा हलवला. "अगं, सगळ्या देशासमोर तुझं कौतुक केलं त्यानं."

कबूल करायला हवं, व्हिडाला क्षणभर गुदगुल्या झाल्या. सगळा देश आणि तिची पोतित्सा. मग तिला मार्टीचा चेहरा दिसला. मार्टी कसंनुसं हसला होता आणि त्याचा हात पुढच्या प्रश्नाच्या कागदाकडे चालला होता. हे तिला त्याच्या लहानपणापासून ठाऊक होतं. पोराला धाक दाखवा, हलायचा नाही. गोड बोला, की संपलं. "मार्टी, तू किती चांगलायस रे" म्हणून शेजारच्या पोरांनी त्याचे बर्फावर घसरायचे बूट नेले होते, आणि हा मोज्यांवर घरी आला होता.

आता तिला खराखुरा राग आला, आणि तो मार्टीचा नव्हता. व्हिडा उठून उभी राहिली.

"मला कशाला मधे घालतोस रे?" ती टीव्हीला म्हणाली. "पोतित्साचं कुणी विचारलंय तुला? खाणीचं विचारलंय ना, मग खाणीचं बोल. खाताना बरा घास अडकला नाही घशात." मग तिने आवाज खाली आणला. "मार्टी, सोडू नकोस. परत विचार."

"व्हिडा, खाली बस," डोना मे म्हणाली. "आपला माणूस आहे तो."

"आपला आहे म्हणूनच विचारायचं. परक्याला कोण विचारायला जातं? आणि मधे बसलाय तोही आपलाच आहे, डोना मे. त्याचे लंगोट तू बदललेस."

डोना मे पुन्हा सुरी पुसायला लागली. मार्टीला अर्थातच यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तो कुठे, हॉल कुठे. पण त्याचा हात कागदापाशी थांबला. त्याने मान वर केली.

"माझी आई त्या दिवशी त्या हॉलमध्ये होती, गव्हर्नर," तो म्हणाला. "तुमच्या समोर बसली होती. तुम्हाला माहीत होतं का?"

हॅलोरनचं हसू मावळलं. तो पाणी प्यायला आणि त्याने पेला खाली ठेवला. "हो," तो म्हणाला. "माहीत होतं. मला वाटलं होतं, कंपनीला वळवता येईल. नाही वळवता आलं. तसं बोलायला नको होतं मी."

व्हिडा खाली बसली. "झालं. एवढंच तर होतं," ती हळूच म्हणाली.

व्हिटकमबाईंना तेवढ्यात उकळ्या फुटल्या होत्या, त्या बोलायला सरसावल्या. "सिनेटर, तुमची पाळी आत्ताच येतेय," मार्टी म्हणाला, आणि त्यांच्या गेल्या वर्षीच्या एका मतदानावरून त्यांनाही असं धरलं की पाढे विसरल्या. व्हिडा त्यावर "घ्या बाई, आता पाणी तुम्ही प्या" म्हणाली, पण हसले ते दोघं-तिघंच.

डिबेट संपली. लोक उठले, खुर्च्या दुमडायला लागले. एरवी पोतित्साच्या टेबलाशी ढकलाढकली व्हायची, आज कुणी तिकडे गेलं नाही. व्हिडा ताट बघत राहिली. तिचा जीव थोडा थोडा झाला होता. तिने पोराची बाजू घेतली होती, ते चुकलं असं तिला वाटत नव्हतं. पण पोराला आता या दारातून आत कसं आणायचं, ते तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडाचा फोन कायम स्पीकरवर असायचा, तिला दुसरी रीत माहीतच नव्हती. मार्टीचा आवाज हॉलभर झाला.

"आई, हॉलमध्येच आहेस का? चिडले असतील ना सगळे?"

व्हिडाला खोटं बोलता आलं असतं. "चिडलेत," ती म्हणाली.

"वाटलंच मला. मग ते शिकारीचं जेवण राहू दे. मी परस्पर घरीच येतो. उगाच तुला तिथं खाली मान घालायला नको."

लोक खुर्च्या हातात धरून उभे राहिले. तेव्हा टोइव्हो उठला. त्याने टोपी डोक्यावर घातली, परत काढली, आणि फोनवर वाकला.

"मार्टी. मी टोइव्हो."

"टोइव्होकाका?" मार्टीचा विश्वास बसेना.

"मला तेव्हा दक्षिणेत कागदाच्या गिरणीत नोकरी लागली होती. चांगली होती." टोइव्हो एक एक वाक्य शोधून आणत होता. "गव्हर्नर इथं बोलून गेला, त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. वसंतात खाण सुरू होणार म्हणून."

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजारी बसणाऱ्या व्हिडालाही नाही. डोना मेने हातातली सुरी खाली ठेवली.

"तेव्हापासून मला हेच विचारायचं होतं त्याला," टोइव्हो म्हणाला. "मला कोण विचारू देणार? आज तू विचारलंस. एकदा नाही, दोनदा." त्याने श्वास घेतला. एवढं तो आख्ख्या वर्षात बोलला नव्हता. "जेवणाला ये. माझ्या बाजूला बस."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मत मात्र मी हॅलोरनलाच देणार," व्हिडा फोनवर म्हणाली. "हे तुला आत्ताच सांगून ठेवते."

"मीही," टोइव्हो म्हणाला.

"मग मी काय त्या पाढेवालीला देणार?" डोना मे म्हणाली, आणि आता हॉल हसला, मनापासून हसला. डोना मेने फोन व्हिडाच्या हातातून ओढून घेतला. तिचा राग काही सगळा गेला नव्हता. "ऐक रे मार्टी. मी अजून रागावलेलीच आहे, आणि तुला तोंडावर बोलणार आहे. तेव्हा घरी लपून बसायचं नाही. मुकाट्यानं इथं यायचं, आणि पुढच्या दारानं यायचं."